ग्रीस बदलायचं की बेअरिंगच?

पावसाळ्यात चोरलच्या बाजूला ओढ्यातून जीप काढली की दिवाळीआधी पुढची चाकं उघडून बेअरिंग बघायची, हा माझा नेम. प्रश्न दरवर्षी तोच. इंदूरच्या गॅरेजात उत्तर मात्र मिस्त्रीगणिक बदलतं.

धुऊन ग्रीस भरणं अर्थातच स्वस्त. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं, पुरतं वाळवायचं (हवेच्या पाइपने गरगरा फिरवायचं नाही, पोरांना कितीही गंमत वाटो). मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. जुनं ग्रीस पुसून काढा. दोन जातींची सरमिसळ झाली तर पातळ होऊन गळू शकतं. शेवटी कपावरून (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्यावरून) नख फिरवा. नख अडकलं, किंवा रोलरवर निळसर झाक दिसली, तर ग्रीसचा उपयोग नाही.

नवा जोड (कप आणि कोन, म्हणजे रोलरसकटचा आतला भाग) महाग, वर कप ठोकून काढण्यात घाम निघतो. म्हणून कप जुनाच ठेवून आतला कोन तेवढा नवा बसवतात. ही काटकसर मला पटत नाही. ऑइल सील (ग्रीस आत अडवणारं रबरी कडं) मात्र दोन्ही वेळी नवंच.

लॉकिंग हबचं (फोर-व्हीलसाठी पुढचं चाक आसाला जोडायच्या कळीचं) गणित निराळं. बेअरिंगसारखं ग्रीस तिथे कोंबलं, तर आतली रिंग चिकटते. डायल फिरते, पण हब लागत नाही. तिथे पातळ थर पुरे.

यंदा डावं चाक ग्रीसवर भागलं. उजव्याच्या आतल्या कपाला गंज धरला होता, तिथे नवा जोड.