आठ महिने डीएमगिरी: फुकटातले नियम, सुपातले फासे आणि आमची पडवी

गेल्या जूनपासून वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतेय. चालवतेय म्हणजे मी डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारी), त्यातला पाऊस, राक्षस, दुकानदार सगळं मी, आणि बाकीचे पाच जण एकेक कॅरेक्टर घेऊन त्यात शिरतात. २२ सेशन झाली. वापरून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून इतके दिवस थांबले.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा गेम आणला. बोर्ड लागत नाही, कोणी जिंकत हरत नाही. डीएम सांगतो समोर काय आहे, खेळणारे सांगतात आम्ही काय करतो, आणि जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. बास, मुळात एवढंच आहे.

आता सामान. महागडी पुस्तकं लागतात हा गैरसमज आधी काढून टाका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे, खुले केलेत, पीडीएफ फुकट मिळते, साधारण ४०० पानं आहेत. माझं झेरॉक्सचंच दुकान आहे त्यामुळे लागणारी साठेक पानं काढून घेतली, पण मोबाईलवर वाचलं तरी चालतं. यात जादू, मॉन्स्टर, लढाई सगळं आहे पण तयार गोष्ट एकही नाही, आणि प्रत्येक क्लासचा (योद्धा, जादूगार असा कॅरेक्टरचा प्रकार) एकच उपप्रकार दिलाय, फीट म्हणजे जादा खास कसब तर अख्ख्या पीडीएफमध्ये एकच. सुरुवातीला हे कमी वाटलं. नवीन लोकांना मात्र तेच बरं पडतं, निवडायला कमी असलं की कॅरेक्टर अर्ध्या तासात तयार होतं.

फासे ऑनलाइन मागवले, सात फाशांचा सेट. दोन महिन्यांत वीसवाल्यावरचे आकडे पुसट झाले, ते पांढऱ्या नेलपॉलिशने भरले आणि वरचं ओल्या बोळ्याने पुसलं, अजून टिकलंय. पडवीच्या लादीवर फासा टाकला की थेट अंगणात जायचा म्हणून आईने लहान सूप आणून दिलं, तेव्हापासून फासे सुपातच पडतात. आवाज पण छान येतो. आणि पावसाळ्यात कागद अजिबात ठेवू नका, आमच्याकडे जुलैत कॅरेक्टर शीटला बुरशी आली, पेन्सिल उठेना. शीट लॅमिनेट करा आणि हिट पॉइंट (कॅरेक्टरमध्ये किती जीव उरलाय तो आकडा) मार्करने लिहा, हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

माणसं म्हणाल तर माझा बारावीतला भाचा, त्याचा मित्र जो वडिलांच्या ट्रॉलरवर जातो, होमस्टे चालवणाऱ्या वहिनी, बँकेत बदलून आलेला एक नागपूरकर, आणि दशावतारात स्त्रीपार्ट करणारे एक दादा. भाचा मावशी म्हणतो म्हणून आता सगळेच मला मावशी म्हणतात, वहिनीसुद्धा. जूनमध्ये सुरू करायचं कारण सोपं होतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होमस्टे रिकामा, दशावताराच्या जत्रा दिवाळीनंतर. सगळे मोकळे.

पहिलं सेशन मात्र माझ्यामुळे फसलं. चार गॉब्लिन (छोटे राक्षस) रस्त्यात दबा धरून बसवले. कागदावर गॉब्लिन किरकोळ दिसतो, ७ हिट पॉइंट, पण त्याचा फटका सरासरी ५ चा असतो आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे असतात कसेबसे ७. दुसऱ्या फेरीत भाच्याचा जादूगार पडला. मग मरणाचे रोल, १० किंवा वर आलं तर ठीक, तीनदा चुकलं की संपलं. दोनदा चुकला. पोराचा चेहरा बघवत नव्हता, तेवढ्यात वहिनींनी आपली पाळी लढण्यात न घालवता त्याला सावरलं. नवीन डीएमना कळकळीने सांगते, पहिल्या लेव्हलला दोन गॉब्लिन पुरे झाले आणि त्यातला एक पळून जाऊ दे.

पण खरी चूक वेगळीच होती, ती कळायला ऑगस्ट उजाडला. मी दर आठवड्याला चौदा-पंधरा पानं लिहायचे. किल्ल्याचा नकाशा, दरवाजावर पहारेकरी काय बोलेल, आत शिरायच्या तीन वाटा. चौथ्या सेशनला ते किल्ल्याकडे गेलेच नाहीत, खाडीवरच्या तरवाल्याशी, म्हणजे होडीतून पलीकडे नेणाऱ्याशी, गप्पा मारत बसले आणि मला त्याचं नावसुद्धा ठरवलेलं नव्हतं. मी त्यांना ओढून ओढून किल्ल्याकडे नेलं आणि सगळे गप्प झाले. तो रविवार फार वाईट गेला.

नंतर दादा थांबले आणि त्यांनी सांगितलं दशावतारात कसं चालतं. लिहिलेली संहिता नसते. नाईक, म्हणजे कंपनीचा म्होरक्या, रंगपटात (नट रंगतात त्या जागेत) आख्यान सांगतो, आज कोण राजा, कोण राक्षस, कुठल्या प्रवेशाला काय घडलं पाहिजे, आणि पुढे रात्रभर प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने बोलतो, पेटीवाला आणि मृदंगवाला त्याच्याकडे बघून साथ धरतात. समोरच्याने वेगळंच काही काढलं तरी त्याला तोडायचं नाही, त्याचं वाक्य उचलून पुढे न्यायचं. म्हणाले, मावशी, तू नाईकाचं काम सोडून सगळ्यांची सोंगं एकटीच करतंस.

तेव्हापासून माझी तयारी एका पानावर आली. गावात कोण कोण आहे, प्रत्येकाला काय हवंय, आणि आपले लोक तिथे गेलेच नाहीत तर काय होईल. संवाद लिहीत नाही, शेवटही लिहीत नाही.

याने काय बदललं ते एका प्रसंगातून सांगते. नवव्या सेशनला परत तोच तरवाला. रात्री पलीकडे जायचं होतं पण तो होडी सोडायला तयार नाही, खाडीचा राखणदार रागावलाय म्हणून. मी लढाई धरून चालले होते. ट्रॉलरवाला पोरगा, जो आठ सेशन फक्त 'मी कुऱ्हाड मारतो' एवढंच बोलला होता, तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला थांबा, आधी गाऱ्हाणं घालूया. आणि खरंच घातलं, बा देवा म्हाराजा करून, कुणाकडून काय चुकलं, बदल्यात आम्ही काय देऊ, आणि प्रत्येक वाक्याला सगळी पडवी 'होय म्हाराजा' म्हणतेय. नागपूरकराने गाऱ्हाणं कधी ऐकलं नव्हतं, तिसऱ्या वाक्याला तोही म्हणायला लागला. मी अ‍ॅडव्हांटेज दिला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. १५ लागत होते. त्याच्या योद्ध्याचा करिश्मा (बोलण्यातली छाप) ८, म्हणजे फाशात पडेल त्यातून वजा एक. सुपात पहिला पडला ४, दुसरा १७. सोळा!! आतून आई बाहेर आली काय झालं बघायला.

अ‍ॅडव्हांटेजबद्दल एवढंच सांगते की या गेममधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. १५ हवे असतील तर एका फाशात १०० पैकी ३० वेळा जमतं, दोनात ५१ वेळा. चांगली कल्पना काढली की फायदा हातात दिसतो, बेरीज वाढत नाही, लहान मुलालाही कळतं. आणि फासा टाकायला कधी सांगायचं यावर माझं मत आता पक्कं झालंय, फसलं तरी गोष्ट पुढे जाणार असेल तरच. नाहीतर सरळ हो म्हणावं.

खटकणारं पण आहे. लढाई लांबते. पाच जण आणि सहा हॉबगॉब्लिन (गॉब्लिनचे दणकट भाऊबंद), प्रत्येकाला १८ चं चिलखत, म्हणजे बेरीज १८ झाल्याशिवाय फटका लागत नाही, दोन तास नुसते फटके हुकत होते आणि वहिनींना झोप यायला लागली. आता पाळीचा क्रम कपड्यांच्या चिमट्यांवर नावं लिहून समोरच्या पुठ्ठ्याला लावते, ज्याचं नाव त्याने लगेच बोलायचं, आणि अर्धे शत्रू पडले की उरलेले पळतात किंवा शरण येतात. चाळीस-पन्नास मिनिटांत आटपतं. इंग्रजी नियम मराठीत सांगणं हेही कष्टाचं काम आहे, जादूचा एकेक परिच्छेद आधी वाचून दोन ओळींत लिहून ठेवावा लागतो, पण बोलणं मात्र मालवणीतच ठेवा, माणसं मोकळी होतात ती तिथेच.

जमवाजमव हा प्रश्न माझ्याकडून सुटलेला नाही. नोव्हेंबरपासून दादांच्या जत्रा, डिसेंबरात वहिनींकडे पाहुणे, वारा पडला की ट्रॉलर. तीन जण आले तरी खेळायचं असा नियम केलाय, जो नाही त्याचं कॅरेक्टर तळावर आजारी. बरं चाललंय पण पाचही असताना जी मजा येते ती येत नाही हे खरं.

सगळे चौथ्या लेव्हलला आहेत. येत्या रविवारी पाचही जण येतायत, आणि माझ्या पानावर सगळ्यात वर लिहिलंय, तरवाला दोन दिवस घरी आलेला नाही, होडी मात्र धक्क्याला बांधलेली आहे.