जुलाब लागलेत: ओआरएस, ग्लुकोज पाणी की सलाईन?

घरात कुणाला जुलाब लागले की सल्ले सुरू होतात. कुणी ग्लुकोज पाजायला सांगतं, कुणी फळांच्या चवीचा टेट्रापॅक आणतं, तर कुणी थेट 'सलाईन लावून घ्या' म्हणतं. यातलं काय निवडायचं, की पाकिटातलं ओआरएस (साखर, मीठ आणि क्षार ठरलेल्या प्रमाणात कालवलेलं पाणी) घ्यायचं, ते आतड्याच्या पेशीवर ठरतं.

ही पेशी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून एक पंप सतत चालवते. दर फेरीला 3 सोडियम रक्ताच्या बाजूला बाहेर, 2 पोटॅशियम आत. हे झालं सक्रिय वहन, म्हणजे ऊर्जा खर्चून केलेली ने-आण. यामुळे पेशीत सोडियम कायम कमीच राहतं. मग आतड्याच्या पोकळीकडचं एसजीएलटी-1 हे प्रथिन 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज जोडीनेच आत ओढतं, आणि मागोमाग पाणी जातं. पटकीतसुद्धा (कॉलरा) ही वाट चालू राहते, हे आपलं नशीब.

नुसत्या ग्लुकोज पाण्यात जोडीदार सोडियमच जवळपास नसतं. कोल्ड्रिंक तर त्याहून वाईट: 100 मिलीत साधारण 10 ग्रॅम साखर, ओआरएसमध्ये 1.35. न शोषलेली साखर उलट पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. टेट्रापॅकवर विसंबू नका. ओआरएसच्या ठरलेल्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती उगाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे 75 मिलिमोल, म्हणजे कणांच्या मोजणीने सारखेच असतात. शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. घरी लिटरभर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं तरी चालतं, पण त्यात पोटॅशियम नाही. पाकीट मिळेपर्यंतची सोय, इतकंच.

सलाईन आतड्याला वळसा घालून थेट शिरेत जातं. रुग्ण पिऊ शकत नसेल, ग्लानीत असेल, उलट्या थांबत नसतील, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. एरवी तोंडानेच भागतं. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं; मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

पाकीट 200 मिलीचं आहे की लिटरचं, ते वाचूनच पाणी घ्या. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका, आणि कालवलेलं पाणी 24 तासांनंतर ओतून द्या.