स्पेसबार, सहा महिने आणि वेंगुर्ल्याचा खारा वारा

मे अखेरीस हा मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) घेतला, आता डिसेंबर लागलाय. मी वेंगुर्ल्यात घरी बसून अनुवाद आणि टायपिंगची कामं करतो, रोज सात-आठ तास इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळमांडणीवर मराठी. बाकी बटणांविषयी एकच सांगतो, तक्रार नाही. मला लिहायचंय ते स्पेसबारबद्दल.

स्पेसबार साधारणपणे साध्या बटणाच्या सव्वासहापट लांब असतो, म्हणजे जवळपास १२ सेंटिमीटर. स्विच मात्र मधोमध एकच. कडेला दाबला तरी तो सरळ खाली जावा म्हणून दोन्ही टोकांना स्टॅबिलायझर असतात आणि त्यांना जोडणारी एक पोलादी तार. नव्या कीबोर्डातही ही तार खडखडत होती. बार काढून तिच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं, आवाज गेला. पोकळ ठकठक कमी व्हावी म्हणून बारच्या पोटात फोमची पट्टीही चिकटवली. जून उजाडेपर्यंत इतका छान वाजत होता की मी घरातल्या सगळ्यांना ऐकवला.

जुलैच्या मध्यावर बार उजव्या बाजूला अडकू लागला. दाबलेला वर यायला वेळ लागायचा, त्यामुळे पुढची स्पेस उमटायचीच नाही. मराठीत हे फार महागात पडतं. एका मजकुरात ‘का मत नोंदवलं नाही’चं ‘कामत नोंदवलं नाही’ झालं. आमच्याकडे कामत हे घरोघरचं आडनाव, त्यामुळे वाचतानाही ते खटकलं नाही. चूक ग्राहकाने दाखवली. मला फार वाईट वाटलं.

मला वाटलं स्विच गेला. तो बदलून पाहिला, फरक शून्य. मग तार बाहेर काढली. मधल्या उघड्या भागावर आणि उजव्या वाकणावर तांबेरा चढला होता, आणि फोमची पट्टी बोटाला ओलसर लागली. तो फोम पावसाळ्यातली खारी दमट हवा स्पंजासारखा धरून ठेवत होता, तोही नेमका तारेच्या डोक्यावर. फोम भरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने तो मुळीच मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचे काका होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. तार बघून म्हणाले, “अरे, खाऱ्या वाऱ्यात उघडा लोखंड ठेवूचा नाय. पुसान सुकव, मगे सगळ्याक ग्रीस लाव.” मी फक्त टोकांना लावलं होतं, तिथेच चुकलं.

मग तार बारीक पॉलिश पेपरने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि आरशावर आडवी ठेवली. एक टोक दाबल्यावर दुसरं उचललं जात होतं, म्हणजे घासताना तिला पीळ बसला होता. पक्कडीने थोडं थोडं करत सपाट केली. यात माझा अख्खा रविवार गेला, पण ही पायरी गाळू नका. वाकडी तार कितीही ग्रीस लावलं तरी वाजतेच. शेवटी तारेवर टोकापासून टोकापर्यंत पातळ थर दिला. स्विचमध्ये मात्र हे ग्रीस जाऊ देऊ नका. बार काढताना आधी केबल काढा आणि दोन्ही बाजूंनी सारखा उचला, एका बाजूने उपटला तर आतली दांडी मोडू शकते.

एक बदल सॉफ्टवेअरमधलाही. माझ्या कीबोर्डावर क्यूएमके चालतं, म्हणजे बटणांची कामं हवी तशी ठरवू देणारं कीबोर्डातलंच सॉफ्टवेअर. स्पेस टिचकीसारखी दाबली तर स्पेस, दाबून धरली तर उजव्या हाताखाली बाणांची बटणं, अशी सोय करून घेतली. मजकूर तपासताना हात हलवावा लागत नाही, याचं सुख मोठं आहे. टिचकी कुठे संपते आणि दाबून धरणं कुठे सुरू होतं, याची मूळ मर्यादा २०० मिलिसेकंदांची असते. माझा अंगठा रेंगाळतो, म्हणून ती २४० केली आणि चुकून सरकणारा कर्सर थांबला.

दिवाळीनंतर बार पुन्हा उघडून पाहिला. तार चकचकीत होती, ग्रीस जागच्या जागी. आवाज मेमधल्यापेक्षा थोडा पोकळ येतो, तरी फोम परत बसवलेला नाही.