ओडू की ईआरपीनेक्स्ट? लातूरच्या डाळमिलवाल्यासाठी

तुरीची आवक, डाळीचा उतारा, चुरी, बारदाना, जीएसटी हे सगळं संगणकावर आणायचं, तर धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी दोन मुक्त, म्हणजे खुल्या कोडची, सॉफ्टवेअरं डोळ्यांपुढे येतात: ओडू आणि ईआरपीनेक्स्ट.

ओडूने २०१५ साली नवव्या आवृत्तीपासून दोन वाटा केल्या. कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली आहे आणि खुला झालेला तो कोड कुणी परत घेऊ शकत नाही. पण पूर्ण हिशेबाची बाजू एंटरप्राइज या विकाऊ आवृत्तीमध्ये, दर वापरकर्त्यामागे पैसे मोजून. म्हणजे बिलं फुकट निघतात, मार्चअखेरीस सीएला द्यायचा ताळेबंद अडतो! स्वयंसेवकांनी लिहिलेली मोड्यूल्स (जोडभाग) ही उणीव बरीच भरून काढतात, पण ती बसवायला जाणकार हवा. माझ्या मते परवाना मुक्त राहिला, तरी गरजेची गोष्ट कुंपणापलीकडे गेली.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, जीपीएल या मुक्त परवान्याचं. त्याची वेगळी विकाऊ आवृत्ती नाही; कंपनी होस्टिंग (सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देणं) आणि सेवेवर कमावते. ताळेबंद खुल्या कोडमध्येच मिळतो. सर्व्हर आणि बॅकअप सांभाळण्याचा खर्च मात्र दोन्हीकडे आहेच.

उदगीर-लातूरच्या मिलसाठी मी ईआरपीनेक्स्टच सुचवेन. फक्त विक्री आणि गोदामाची नोंद ठेवायची असेल, हिशेब आधीच दुसरीकडे असेल, तर ओडू कम्युनिटीही पुरेल.