वेलदोड्याच्या नावाखाली विकलं जाणारं रोप: सांगलीकरांनो, घेण्याआधी वाचा

सांगली-मिरजेकडे रोपांचे टेम्पो फिरतात. त्यातल्या एकाने आमच्या घरात वेलदोडा म्हणून भलतंच रोप खपवलं. आणखी कोणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

टेम्पो विश्रामबागेत उभा होता. विकणाऱ्याने एक पान तोडलं, बोटांत चुरडलं आणि सासूबाईंच्या नाकाशी धरलं. "काकू, वास बघा. आणखी काय पुरावा पाहिजे?" वास खरोखरच वेलदोड्याच्या जवळचा, थोडा आल्याच्या अंगाने जाणारा. एका कुंडीत तर मातीलगत हिरव्या वेलदोड्यांचा घोसच दिसत होता. त्यावर त्याचं म्हणणं, "सांगलीत हळद येते, मग वेलदोडा का नाही येणार? एकाच घराण्यातली की दोन्ही!" हळद, आलं आणि वेलदोडा एकाच कुळातले आहेत हे खरंच आहे, म्हणून ऐकणाऱ्याला ते पटतं.

रोपाला 450 रुपये. सासूबाईंनी दोन घेतली. तासगावकडे शेती करणाऱ्या माझ्या दिरांनी बांधावर लावायला शंभर उचलली. पंचेचाळीस हजार रोख, बिल नाही, नुसतं एक कार्ड. त्यावरचा नंबर आता बंद आहे.

रोपं जोमाने वाढली, आणि शंका आली ती त्यामुळेच. वेलदोडा हे दाट सावलीतलं, दमट हवेतलं पीक. केरळात, कोडगूत 600 ते 1200 मीटर उंचीवर, 1500 ते 4000 मिलिमीटर पावसात ते होतं. तासगावच्या उन्हात त्याची पानं करपायला हवीत. इथे तर फुटव्यांवर फुटवे येत होते. मग फुलं आली आणि शंकेला जागा उरली नाही. पानांच्या दांड्याच्या अगदी शेंड्यावर उभा तुरा, पांढरी फुलं, आतल्या मोठ्या पिवळट पाकळीवर गडद लाल रेषा.

मिरजेत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या ओळखीच्या बाईंनी तुरा बघताच सांगितलं, "हा अल्पिनिया कॅल्करॅटा. शोभेचं झाड आहे." वेलदोड्याची फुलं शेंड्याला येत नाहीत. त्याचा फुलोरा जमिनीतल्या गड्ड्यापासून, दांड्याच्या बुडातून निघतो आणि वेलदोडे तिथेच, मातीलगत धरतात. म्हणजे टेम्पोवाल्याने तोडलेला घोस बरोबर जागेवर खोचला होता! वेलदोडा कुठे लागतो हे त्याला नीट ठाऊक होतं. चुकून दुसरं रोप दिलं गेलं, असं म्हणायची सोयच नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे.

फूल नसताना ओळखायचं तर पानं बघा. या अल्पिनियाची पानं अरुंद, चकचकीत, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. वेलदोड्याची जास्त लांब-रुंद, आणि मलबार प्रकारात पानाच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तर बऱ्याचदा बारीक मऊ लव लागते. वेलदोड्याचं झाड वाढून दोन ते चार मीटर उंच होतं. कुंडीतलं कोवळं रोप असेल तर मात्र पानांवरून फरक करणं अवघड, जाणकारही फुलाची वाट बघतात. वासावर तर अजिबात जाऊ नका. वेलदोड्याचा खरा घमघमाट बियांत असतो. पान चुरडून दरवळ दाखवणाऱ्याने काहीच सिद्ध केलेलं नसतं. मातीलगत घोस दिसला तर तो हलकेच ओढून बघा. गड्ड्याला धरलेला असेल तर हातात येणार नाही.

दिरांनी बांधावरची रोपं अजून काढलेली नाहीत. पैसे गेले ते गेले, पण त्या बांधावर दुसरं काही लावता आलं असतं, तो हंगामही गेला. बिल नसल्यामुळे तक्रारीत दाखवायला काही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, पण तिथेही व्यवहाराचा कागद हाताशी असलेला बरा. म्हणून रोप टेम्पोतून घ्या नाहीतर दुकानातून, बिलावर रोपाचं नाव लिहून मागा, आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा. नाव लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून एकही रोप घेऊ नका.