स्मार्टआर्टची उतरंड आणि आईचा चौकोन

गेली तीन वर्षं आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत संगणकाचा तास माझ्याकडे आहे. वाळवा तालुका, वारणाकाठ. केंद्रशाळेच्या हॉलमध्ये एक प्रोजेक्टर, चार-पाच लॅपटॉप आणि समोर जिल्हा परिषद शाळांतले पंचवीसेक शिक्षक. या तासाला सगळ्यात जास्त मागणी असते ती तक्त्यांची. शाळा व्यवस्थापन समितीचा तक्ता, ग्रामपंचायतीचा तक्ता, चौथीसाठी भोसले घराण्याची वंशावळ. पूर्वी हे सगळं ड्रॉइंग शीटवर स्केचपेनने व्हायचं आणि जूनमध्ये लावलेलं दिवाळीपर्यंत भिंतीवरून खाली यायचं. आता पॉवरपॉइंटमधलं स्मार्टआर्ट, म्हणजे चौकोन आणि रेघांचे तयार साचे, वापरतो. एवढ्या जणांना ते शिकवून झाल्यावर त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगते: कार्यालयाची उतरंड दाखवायला पाचपैकी साडेचार, घराण्याची वंशावळ दाखवायला पाचपैकी दोन. तरीही शिक्षकांना ते शिकवावंच. फक्त वंशावळ वेगळ्या पद्धतीने शिकवावी.

स्मार्टआर्ट ऑफिस 2007 पासून आहे, त्यामुळे शाळेतल्या जुन्या संगणकावरही बहुतेक सापडतं. इन्सर्टमध्ये जायचं, स्मार्टआर्ट, डावीकडच्या यादीत हायरार्की, त्यातला पहिलाच ऑर्गनायझेशन चार्ट. स्लाइडवर पाच चौकोन येतात: वर एक, त्याच्याखाली बाजूला एक, आणि तळाला तीन. इथपर्यंत सगळे येतात. अडतात ते पुढे.

आमच्याकडे एक गुरुजी आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. शिक्षण विभागाचा तक्ता करायला बसले. वरच्या चौकोनात ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ लिहिलं, एंटर दाबलं आणि ‘शिक्षणाधिकारी’ लिहिलं. दोन्ही पदं एकाच चौकोनात. पुन्हा एंटर, ‘गटशिक्षणाधिकारी’. तिसरं पदही त्याच चौकोनात, आणि अक्षरं मुंगीएवढी. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, हे सगळे एकाच खुर्चीत बसायला लागले की हो.” मी त्यांना सगळ्या तक्त्याभोवतीच्या चौकटीच्या डाव्या कडेवरचा छोटा बाण दाखवला. तो दाबला की शेजारी लिहायची पाटी उघडते, तिला टेक्स्ट पेन म्हणतात. त्या पाटीत एंटर दाबलं की नवा चौकोन, टॅब दाबलं की तो एक पायरी खाली, शिफ्ट धरून टॅब दाबलं की एक पायरी वर. एकाच चौकोनात दुसरी ओळ हवी असेल तर शिफ्ट आणि एंटर. गुरुजींनी टॅब दाबला आणि ‘गटशिक्षणाधिकारी’ खाली सरकून त्याला आपोआप रेघ जोडली गेली. मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शिक्षक असं एकेक टॅबने उतरत ते तळाला पोचले. पट्टी नाही, खोडरबर नाही. त्यानंतर दहा मिनिटं त्यांनी कुणाला लॅपटॉपला हात लावू दिला नाही.

म्हणून मी आता सुरुवातच पाटीपासून करते. चौकोनात बोट घालायचंच नाही, सगळं डावीकडे लिहायचं. हे एक कळलं की ऐंशी टक्के काम झालं असं माझा अनुभव सांगतो. रंग, सावल्या, थ्रीडी हे सगळं नंतर, आणि खरं तर नकोच. मागच्या बाकावरच्या पोराला वाचता आलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

सहावीच्या नागरिकशास्त्रातल्या ग्रामपंचायतीसाठी हा चार्ट चपखल बसतो. सरपंच, खाली उपसरपंच आणि सदस्य. त्या बाजूच्या चौकोनाला ‘असिस्टंट’ म्हणतात, त्यात ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). तो निवडून आलेला नसतो, पंचायतीचं सचिवाचं काम बघतो, म्हणून उतरंडीत न बसवता बाजूला काढून दाखवता येतो. मुलांना निवडून आलेला माणूस आणि नेमलेला माणूस यातला फरक चित्रातच दिसतो. मग विचारायचं, ग्रामसभा कुठे ठेवायची? सरपंचाच्या वर की खाली? त्यावर वर्गात जी चर्चा होते ती त्या धड्याची खरी कमाई.

अष्टप्रधान मंडळाला मात्र थोडी खटपट लागते. शिवराज्याभिषेक 6 जून 1674 चा, आणि रायगडावरच्या त्या मंडळात पेशवे, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव असे आठजण. आठ चौकोन एका ओळीत आले की अक्षर बारीक होतं, कारण एका पायरीतल्या सगळ्या चौकोनांचं अक्षर बरोबरीने लहान होतं. इथे महाराजांच्या चौकोनावर क्लिक करून लेआउटमध्ये ‘बोथ’ निवडायचं. मग आठजण दोन-दोन करून मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि अक्षर चांगलं मोठं होतं. शिफ्ट-एंटरने पदाखाली नाव घालायचं: पेशवे, खाली मोरोपंत पिंगळे, सेनापती, खाली हंबीरराव मोहिते. पंडितराव आणि न्यायाधीश सोडून बाकीच्या सहाजणांना प्रसंगी मोहिमेवर जावं लागे, म्हणून मी त्या सहा चौकोनांना एक रंग देते आणि या दोघांना दुसरा. रंगाचा एवढाच उपयोग मला मान्य आहे.

आता वंशावळीकडे येते. हे लिहायला बसले ते मुळात तिच्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका मॅडमनी चौथीसाठी भोसले घराणं करायला घेतलं. मालोजीराजे, खाली शहाजीराजे आणि शरीफजी, शहाजीराजांच्या खाली शिवराय. सुंदर जमलं. मग त्या थांबल्या. जिजाऊंना कुठे ठेवायचं? शहाजीराजांच्या खाली ठेवलं तर त्या मुलगी होतात. शेजारी ठेवलं तर शरीफजींसारख्या भावंडांत जातात. शेवटी त्यांनी ‘ॲड असिस्टंट’ केलं. जिजाऊ असिस्टंटच्या चौकोनात. मॅडमनी ते प्रोजेक्टरवर दाखवलं आणि हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मॅडम स्वतःच म्हणाल्या, “नाही हो, हे बरं नाही दिसत.” आणि त्यांनी तो चौकोन पुसला. पुसल्यावर वंशावळ नेटकी दिसत होती, पण तिच्यात एकही बाई उरली नव्हती.

यात सॉफ्टवेअरने काही चूक केली असं मी म्हणणार नाही. हा चार्ट कार्यालयासाठी बनवलेला आहे. कार्यालयात एका माणसाचा एकच वरिष्ठ असतो, म्हणून प्रत्येक चौकोनाला वरून एकच रेघ येते. घरात मात्र प्रत्येक लेकराला वरून दोन रेघा असतात. ते त्या साच्यात मुळातच बसत नाही. पण शिक्षकाने ते जाणूनबुजून शिकवलं नाही, तर साच्यात जे बसतं तेच भिंतीवर लागतं आणि चौथीच्या पोरांना तेच खरं वाटतं.

आणि आई नसली तर इतिहासही कळत नाही. 1680 मध्ये महाराज गेल्यावर रायगडावर संभाजी महाराजांना बाजूला ठेवून राजाराम महाराजांना गादीवर का बसवलं, हे सईबाई आणि सोयराबाई असे दोन चौकोन असल्याशिवाय मुलांना कसं सांगणार? पुढे 1714 मध्ये कोल्हापुरात ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना दूर करून राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. वडील दोघांचेही राजाराम महाराज. नुसती वडिलांची रेघ काढली तर दोन सख्खे भाऊ दिसतात आणि भांडण कशावरून ते दिसतच नाही. ह्याच संभाजींचा आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांचा 1731 चा तह आमच्या वारणेच्या नावाने ओळखला जातो. आमची पोरं त्या नदीत पोहतात. त्यांना हे नीट कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शिवाय आमच्या भागात वंशावळ फक्त पुस्तकात नसते. हेळवी लोक बैल घेऊन गावात यायचे, दारात बसून घराण्याची नावं वाचून दाखवायचे, हे मी लहानपणी पाहिलंय. माझी आजी उंबऱ्यावर बसून ऐकायची. तिच्या सासऱ्यांचं, नवऱ्याचं, दिरांचं नाव यायचं, तिचं यायचं नाही. हल्ली जात पडताळणीसाठी वंशावळ लागते, तेव्हा पणजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला लोक शाळेत येतात. मी जनरल रजिस्टर उघडते, जुन्या शाईतली नावं शोधते. तिथेही विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव. आईचं नाव बऱ्याच नंतरच्या पानांपासून दिसायला लागतं. शाळेत आपण आज जो तक्ता करतो तो तरी पुरा असावा.

तर मी शिकवते ती पद्धत अशी. वंशावळीसाठी स्मार्टआर्ट घ्यायचंच नाही. कोरी स्लाइड, शेप्समधून साधा चौकोन, आणि कंट्रोल-डी दाबून त्याच्या हव्या तेवढ्या प्रती. शहाजीराजे मध्ये, डाव्या हाताला जिजाबाई, उजव्या हाताला तुकाबाई. शहाजीराजे आणि जिजाबाई यांना सरळ कनेक्टरने, म्हणजे जोडरेघेने, जोडायचं. इथे एक अडचण येते: त्या रेघेच्या मधोमध दुसरी रेघ चिकटत नाही. म्हणून रेघेच्या मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा गोल ठेवायचा. गोलाला रेघ चिकटते. त्या गोलाच्या खालच्या टोकापासून काटकोनी रेघ, म्हणजे एल्बो कनेक्टर, थोरल्या संभाजीराजांकडे आणि दुसरी शिवरायांकडे. तुकाबाईंकडच्या रेघेवर दुसरा गोल, त्याच्याखाली व्यंकोजी. तंजावरची शाखा कुठून निघाली ते एका नजरेत कळतं.

रेघ खरोखर चिकटली की नाही हे बघायची खूण आहे. ऑफिस 2013 पासून पुढे रेघ निवडली की टोकाला ठिपका दिसतो. हिरवा असेल तर चिकटली, पांढरा असेल तर नुसती टेकली. चिकटलेली रेघ चौकोन हलवला की सोबत येते, टेकलेली जागेवरच राहते. मी प्रत्येकाला एकदा चौकोन मुद्दाम ओढून बघायला लावते. शेवटी एका पिढीचे सगळे चौकोन निवडून अलाइनमध्ये वरची कड जुळवायची आणि आडवं अंतर सारखं करायचं.

नावांचा गोंधळ हाही वंशावळीतच जास्त. वर आलेल्या नावांतच संभाजी तीन, शिवाजी दोन. म्हणून नावाखाली सन हवाच: संभाजी महाराज, खाली 1657–1689, राजाराम महाराज, खाली 1670–1700. याला वेळ लागतो. स्मार्टआर्टमध्ये दहा मिनिटांत होणारं काम इथे पाऊण तास खातं. तो पाऊण तास द्यावा.

तीनच मॅडम-सरांकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, बाकीचे मोबाइलवर. म्हणून मी जोड्या लावते. ज्यांच्याकडे विकतचं ऑफिस नाही त्यांना लिबरऑफिस इम्प्रेस सांगते. ते फुकट आहे. त्यात स्मार्टआर्टसारखी तयार उतरंड नाही, पण चिकटणारे कनेक्टर आहेत, म्हणजे वंशावळीला काही कमी पडत नाही. गूगल स्लाइड्समध्ये इन्सर्ट करायच्या तयार आकृत्यांत हायरार्की आहे. छोट्या तक्त्याला पुरते, मोठ्याला हातानेच भर घालावी लागते.

छपाईबद्दल एक कळकळीची सूचना. अष्टप्रधानांचा तक्ता आम्ही फ्लेक्सवर छापायला दिला होता. दुकानदाराच्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. फ्लेक्स घरी आणून उलगडला तर ‘न्यायाधीश’ची जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या सुट्या पडलेल्या. वर्गणी काढून छापला होता, पैसे गेले. तेव्हापासून नियम: लिहायचं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, आणि छापायला द्यायची ती पीडीएफ. दुकानात जायच्या आधी ती पीडीएफ दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून वाचायची.

मुलांच्या स्वतःच्या कुटुंबाचा वृक्ष करायला देताना तयार साचा देऊ नका, असं मी सगळ्या शिक्षकांना हात जोडून सांगते. आमच्या शाळेत एक मुलगा आजीजवळ राहतो. छापील साच्यात ‘बाबा’ असा रिकामा चौकोन आला असता तर तो त्याच्याकडे बघत बसला असता. मी कोरी स्लाइड दिली आणि म्हटलं, घरातली माणसं काढ, ज्याच्याशी ज्याची रेघ असेल ती जोड. त्याने मधोमध आजी काढली, मोठा चौकोन. शेजारी मामा. खाली स्वतः आणि धाकटी बहीण. मग आजीच्या वर एक चौकोन काढून माझ्याकडे आला आणि विचारलं, “बाई, आजीच्या आईचं नाव काय लिहू?” मी म्हटलं, आजीला विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो हातावर पेनाने नाव लिहूनच आला, आणि संगणक चालू व्हायच्या आधी पुसून जाऊ नये म्हणून तळहात मिटून बसला होता.