पांढऱ्या सॉससाठी चीज घेताना: क्यूबच बरा

जळगाव-धुळ्याच्या दुकानात पास्त्यासाठी चीज मागितलं की बहुतेक वेळा मोझरेलाचं पाकीट पुढे येतं. पिझ्झ्याला ते ठीक. सॉसमध्ये मात्र त्याला तार सुटते आणि ताट जरा गार झालं की पास्त्याचा एकच गोळा उचलून येतो. घरच्या क्रीमी सॉसला साधा प्रोसेस्ड चीजचा क्यूब सरस. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात (पाकिटावर ३३१, ३३९, ४५२ असे आकडे दिसतील). ते स्निग्धांश आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून सॉसवर तूप तरंगत नाही.

स्लाइस पटकन विरघळते, पण चव मिळमिळीत आणि वेष्टनं सोलण्यातच जीव जातो. चवीला चेडार सगळ्यांत भारी, पण जास्त आच लागली की फुटतो. ७० ग्रॅम क्यूब आणि ३० ग्रॅम चेडार हे मिश्रण सगळ्यांत जमून येतं. स्वस्तातलं मोठं पाकीट दिसलं तर मागची बाजू वाचा. ‘ॲनालॉग’ (म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेलं नकली चीज) किंवा ‘व्हेजिटेबल फॅट’ लिहिलं असेल तर परत ठेवा. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ला टेकलेला असताना, पाकिटात बर्फाचे खडे दिसले तर माल एकदा वितळून पुन्हा गोठलाय असं समजा. असं चीज भुसभुशीत लागतं.

२०० ग्रॅम कोरड्या पास्त्याला ३० ग्रॅम लोणी, दोन सपाट मोठे चमचे मैदा, अर्धा लिटर दूध, १०० ग्रॅम किसलेलं चीज. दूध म्हशीचं असेल तर ४०० मिली घ्या आणि बाकी १०० मिली पास्ता उकडलेलं पाणी, नाहीतर सॉस खिरीसारखा दाटतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर मैदा लोण्यात दोन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चट वास गेला पाहिजे. मग दूध. इथेच गुठळ्या होतात, कारण सगळं दूध एकदम ओतलं जातं. पहिली अर्धी वाटी घालून मिश्रण लापशीसारखं गुळगुळीत होईपर्यंत घोटा, मगच बाकीचं थोडं थोडं. तरीही गुठळ्या राहिल्याच तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्या, कुणाला कळत नाही.

दूध घालून पाचेक मिनिटं ढवळत उकळलं की चमच्याच्या पाठीवर थर बसतो. बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे. आता गॅस बंद. मिनिटभर थांबून चीज तीन वेळा विभागून घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं, विशेषतः चेडार, की त्यातलं प्रोटीन आवळतं आणि सॉस रवाळ होतो. मीठ चीज विरघळल्यावर चाखूनच. क्यूबमध्ये ते भरपूर असतं.

मिरीवर आपलं भागत नाही हे खरं. भरताला भाजतो तशी हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर भाजून, ठेचून शेवटी घाला. लिंबू मात्र नको, दूध फाटेल.

सॉस गार झाला की घट्ट होणारच, म्हणून पास्त्याचं वाटीभर पाणी ओतून देऊ नका. उरलेला सॉस दुसऱ्या दिवशी तेच पाणी किंवा दूध दोन चमचे घालून, मंद आचेवर गरम करा.